डोंगराची पाठ

आमचे हे डोंगर रंगवतात. असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, चित्रकार असतील, डोंगराची चित्रं काढत असतील. नाही हो, चांगला उभा डोंगर. म्हणजे खरा नाही, पण उभा आहे. शहराबाहेर ती करमणुकीची मोठी बाग आहे ना, पाळणे, घसरगुंड्या, गोल फिरणारे कप वगैरे, तिथल्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर. लोखंडी सांगाडा, त्यावर तारेची जाळी, जाळीवर सिमेंट आणि सिमेंटवर ह्यांचा रंग. बाग सुरू झाल्यापासून तो ह्यांच्याकडेच आहे. ऊन-पाण्यानं रंग उडतो, हे परत लावतात. बागेतली माणसं ह्यांना नावानं हाकच मारत नाहीत. "डोंगर जेवला का?", "डोंगर आज रजेवर आहे." मला फोन आला तर तोसुद्धा "डोंगरवहिनी का?" असा. आता काय बोलायचं!

उंचीला म्हणाल तर तो आमच्या तीन मजली इमारतीएवढाही नाही. पण तळ्यातल्या होडीत बसून बघा. लांब कुठेतरी आहे आणि ढगांना टेकलाय असं वाटतं. सगळी करामत मापांची. पायथ्याची झाडं माणसाहून उंच, मधली कमरेएवढी, वरची वीतभर. शिखराजवळ एक झोपडी आहे, ती चपलांच्या खोक्याएवढी. वर जावं तसा रंग फिका, धुकट. होडी वळणावर आली की लोक गप्प होतात म्हणे. ह्यांचा एकच हट्ट, मागे फक्त आभाळ पाहिजे. मागे साधा विजेचा खांब दिसला तरी माणसाचा डोळा लगेच माप काढतो आणि मग झोपडी कुठली, खोकंच दिसतं.

घरीसुद्धा हेच. कुठल्याही गोष्टीकडे एक डोळा मिटून बघतात. लग्नाआधी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्याकडेही तसंच बघितलं, मला वाटलं डोळ्यात काही गेलंय. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही, तर ह्यांनी भिंतीवर एक रंगवून दिली. भांडी घासायच्या मोरीपाशी उभं राहिलं तर अगदी खरी, बाहेर रस्ता, रस्त्याच्या टोकाला झाड. दारातून बघितलं तर चेंगरल्यासारखी वाकडी. मी म्हटलं, पाहुणे दारातून येतात, मोरीतून नाही. हे म्हणाले, "पण भांडी तू घासतेस ना." असलं उत्तर दिलं की पुढे काय भांडणार, तरी मी भांडले.

मी लाँड्रीच्या काउंटरवर असते. निळा एप्रन, खिशाला टाचण्या, आणि तोंड. तोंडाबद्दल मला लोकांनी सांगायची गरज नाही. खिशात कागदाचा बोळा ठेवून पँट धुवायला टाकणाऱ्याला मी सोडत नाही, मग तो कुणी का असेना. गिऱ्हाईक येतं, ऐकून घेतं आणि परत माझ्याकडेच येतं, कारण कपडा स्वच्छ मिळतो. ह्यांचं उलट. हे बोलायला तोंड उघडतात तोवर माझं बोलून, भांडून, जेवूनसुद्धा झालेलं असतं.

तर झालं असं की बागेत नवीन काहीतरी हवं, अशी वरून हुक्की आली. डोंगरामागे जेमतेम माणूस बसेल एवढी फट सोडून बागेची भिंत होती. भिंतीपलीकडची जमीन त्यांनी घेतली, भिंत पाडली आणि डोंगराच्या बरोब्बर मागे खांब उभा करायचा ठरवला. कौतुकाचं नाव दिलंय त्याला काहीतरी, पण सगळे खांबच म्हणतात. चारी बाजूंनी खुर्च्या. माणसांना बांधायचं, वर न्यायचं, टोकाला नेऊन जरा वेळ लटकत ठेवायचं आणि धाडकन सोडून द्यायचं. आणि लोक ह्याला रांग लावतात!

हे साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे बागेचे मॅनेजर, माणूस वाईट नाही. त्यांनी संगणकावर दाखवलं, होडीतून खांब कसा दिसेल ते. म्हणाले, "आपण त्याला आभाळाचा रंग देऊ. रंग तुम्हीच ठरवा." हे घरी येऊन पत्र्याच्या तुकड्यांवर निळ्या-करड्या छटा काढत बसले. गच्चीवर जाऊन ते तुकडे आभाळापुढे धरायचे, एक डोळा मिटून. मी विचारलं, झालं का? तर म्हणे, "सकाळचं जमलंय, दुपारचं जमत नाही." अहो, आभाळ काय एका रंगाचं असतं!

शेवटी खांबाला एक रंग लागला. सकाळी जरा वेळ तो खरंच विरघळायचा. पुढे ढग आले की नवीन नळ बसवल्यासारखा चमकायचा. आणि समजा, खांब लपला. माणसं कशी लपवणार? शिखराच्या वर, आभाळात, बूट घातलेले पाय लोंबायला लागले. रांगेनं. हलायचे, झुलायचे आणि मग किंचाळ्या मारत डोंगरामागे गडप. पायांशेजारी झोपडी दिसली की संपलंच. होडीतली पोरं ओरडायची, "ए, खेळण्यातला डोंगर!" मोठी माणसंही हसायची. होडीला गर्दी कमी झाली, सकाळच्या उन्हात खांबाची सावली डोंगरावर आडवी पडू लागली, आणि हे धक्क्यावर उभे राहून सगळं ऐकत होते. घरी आले की ताटावरून लवकर उठायचे. मी त्या खांबाला आणि तो बांधणाऱ्यांना वाट्टेल ते बोलले. ह्यांच्यासाठी माझा जीव तुटत होता, खोटं कशाला सांगू.

पण ह्यांच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं. बांधकाम चालू असताना हे सारखे साहेबांच्या मागे, "मला एक दिवस मागे जाऊ द्या, जरा काम राहिलंय." मागे क्रेन, पत्र्याचं कुंपण, कुणाला आत सोडत नव्हते. खांब सुरू झाल्यावर तर खालची जागा कुलूपबंदच झाली. मी विचारलं, मागे कसलं काम? डोंगराच्या पाठीला कोण बघतंय? ह्यांनी हं केलं आणि कूस बदलली.

मला कळलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईकडून. कपडे न्यायला आली. पोरांना घेऊन खांबावर जाऊन आली होती. पिशवी घेतली, पण हलेना. हसू दाबत होती.

"काय झालं?" मी म्हटलं.

"अहो, तुम्ही तर भिंतभर आलाय की! आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीत!"

तिनं फोन पुढे केला. खुर्चीत हलता हलता काढलेला फोटो, धड काही दिसत नव्हतं. पण निळा एप्रन दिसला. उगारलेला हात दिसला. आणि तोंड. असं उघडं की आत होडी जाईल.

"डोंगराच्या मागच्या बाजूला आहे," ती म्हणाली. "वरून एकदम स्पष्ट दिसतं. आमचा धाकटा म्हणाला, आई, लाँड्रीवाल्या काकू ओरडतायत!"

मी तिला सुटे पैसे जास्तच परत दिले असणार. कान तापले होते. ती गेली आणि मी इस्त्रीच्या टेबलाखाली काही शोधतेय असं दाखवून खाली वाकून बसले. इतकी वर्षं त्या काउंटरवर उभी आहे, पण लपून कधी बसले नव्हते.

पुढचे दिवस विचारू नका. लोक कपडे न घेता यायला लागले. दारातून डोकवायचे, एप्रनकडे बघायचे, एकमेकांना कोपर मारायचे. एका गिऱ्हाइकानं खिशात बोळा ठेवला होता. मी तोंड उघडलं, तर त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले. "मारू नका हं!" मागची रांग खो-खो हसली. मी तोंड मिटलं. नंतर दिवसभर लोकांना फक्त "मंगळवारी न्या" एवढंच म्हणत राहिले. मालकीणबाईंनी विचारलं, बरं नाही का? मी एप्रन काढून घडी करून ठेवला आणि साध्या कपड्यांत उभी राहिले. भुईनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं होतं सगळं.

संध्याकाळी हे जेवायला बसले आणि मी विचारलं. आधी भाजी वाढली, मग विचारलं, एवढं भान होतं.

ह्यांचा घास हातातच राहिला. मान वर करेनात. "ब्रश पुसायला भिंत लागते," म्हणाले.

"म्हणून माझ्या तोंडाला पुसलात?"

"तसं नाही. मागे सावली असायची. मी डबा तिथंच खायचो. उरलेला रंग... सुरुवातीला नुसता निळा उरला होता."

"हात उगारलाय मी! सगळ्या शहराला दिसतोय! माझ्या डोक्याचं भांडं केलंय म्हणे तुम्ही!"

"ते वरून बघायचं नाही गं. त्याची जागा..."

"तुमची जागा घाला चुलीत!" मी म्हणाले. "मोरीतून खिडकी बघा, होडीतून डोंगर बघा, आणि बायको कुठून बघायची? पाताळातून?"

हे ओशाळले. कान लाल झाले. आमच्या घरातली सगळी बोलणी अशीच संपतात, मी जिंकून. मी म्हटलं, ते पुसा. हे म्हणाले, पुसतो, पण मागे जायला किल्ली साहेबांकडे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः साहेबांच्या ऑफिसात गेले. हे दाराशी उभे राहिले, आत यायलाही तयार नाहीत. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"वहिनी, खरं सांगू? लोकांना ते आवडतंय. ते बघायला म्हणून वर जातात. पण तुमची चेष्टा करून आम्हाला काही नको. तुम्ही एकदा वर जाऊन बघा. ठेवा म्हणालात तर ठेवू. पुसा म्हणालात तर येत्या सुट्टीच्या दिवशी किल्ली देतो. तुमचा शब्द शेवटचा."

माणूस सरळ बोलला. मी उठले. तेवढ्यात दाराशी हे पुटपुटले, "साहेब, तिला वर नका पाठवू. मी पुसतो ना. तिनं तिथून बघायला नको."

झालं! एवढं ऐकल्यावर कोण थांबणार? लपवण्यासारखं असल्याशिवाय का माणूस असा गयावया करतो? मी ताडताड खांबाकडे गेले.

मला बांधलं. डाव्या बाजूला एक कॉलेजातली पोरगी, उजवीकडे एक टकले गृहस्थ. खुर्ची वर निघाली तेव्हा जीव मुठीत धरून मी डोळे मिटून घेतले, ते शिखरापाशी उघडले. शिखर खाली गेलं, पलीकडे तळं दिसलं, होड्या दिसल्या. तेवढी एक झोपडी जवळून बघितली, खरंच खोकं. मग पार वर जाऊन खुर्ची थांबली. सगळ्यांनी खाली बघितलं, मीही बघितलं.

डोंगराची पाठ म्हणजे सरळसोट सिमेंटची भिंत, कडेला गंजके खांब. आणि भिंतभर मी. डोकं रांजणाएवढं, कपाळ संपता संपेना, नाक लांबलचक, खाली येता येता निमुळती होत पाय बाहुलीचे. हात कपाळाच्या बाजूला उगारलेला. तोंडाचा आ वासलेला. टकले गृहस्थ हसून हसून म्हणाले, "बिचारा नवरा!" पोरगी म्हणाली, "आई गं, घरी गेल्यावर कसं होत असेल त्याचं!" आणि मी त्या दोघांच्या मध्ये, पट्ट्यांनी बांधलेली, तोंड फिरवायलाही जागा नाही. लाजेनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत, जेवणाचा डबा रोज माझ्या हातचा, आणि तो खाता खाता हा माणूस मला अशी बघत होता.

मग सोडून दिलं.

खाली आले तेव्हा आवाज शाबूत होता. साहेब आणि हे कठड्यापाशी उभे होते. मी हात वर करून ओरडले, "पुसा! सगळं पुसा! डागसुद्धा दिसता कामा नये!"

रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. मी अगदी भिंतीवरच्यासारखीच उभी होते, हात वर, तोंड उघडं. कुणीतरी म्हणालं, "अरे, हीच ती!" आणि टाळ्या वाजल्या. खरंच टाळ्या वाजवल्या लोकांनी. ह्यांनी माझं कोपर धरलं आणि मला बाजूला नेलं. "बरं," म्हणाले. "पुसतो." बास.

बागेला सुट्टीचा दिवस होता त्या दिवशी साहेबांनी कुलूप उघडलं. मीही गेले. ह्यांच्यावर माझा भरवसा उरला नव्हता, म्हटलं, उभी राहून पुसून घेते. साहेब आणि खांबाची दोन माणसं कुंपणाच्या दाराशी थांबली. करड्या रंगाचे डबे, लांब दांड्याचा मोठा रोलर, शिडी. हे शिडी चढले आणि वरून सुरुवात केली. केस गेले. कपाळाचा वरचा भाग गेला. हात भराभर चालतो ह्यांचा. खालून नुसते पट्टे दिसत होते, निळे, तपकिरी, कशाला काही अर्थ नाही. मी हाताची घडी घालून उभी.

पण लाँड्रीत उभं राहून राहून माझे पाय गेलेत. भिंतीच्या बुडाशी एक लाकडी खोकं पडलं होतं, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं. शेजारी बोरांच्या की कसल्या फळाच्या वाळक्या बिया. मी त्यावर टेकले, भिंतीला जवळजवळ गुडघे लागले. मग हे कुठवर आले बघावं म्हणून मान वर केली.

सगळं जागेवर आलं. कसं सांगू? ते रांजणाएवढं डोकं वर वर जाऊन लहान झालं आणि बेताचं बसलं. नाक माझं नाक झालं. आ वासलेलं तोंड मिटत आलं, नुसतं हसू फुटायच्या बेतात. आणि उगारलेला हात उगारलेला नव्हताच. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून कपाळाशी धरलेला. लाँड्रीतून तशीच एप्रनमध्ये निघून आलेय, उन्हात डोळे बारीक केलेत, कुणालातरी शोधतेय आणि तो सापडलाय. खाली, खोक्यावर बसलेला. त्याच्याकडेच बघतेय. बागेची जुनी भिंत होती तेव्हा मागे सरायला जागाच नव्हती, ते चित्र दुसरीकडून कुठून बघताच आलं नसतं. एवढं सुंदर मला आरशानंही कधी दाखवलं नाही.

रोज दुपारी हे माझ्यासमोर बसून जेवत होते.

"थांबा" म्हणायचं होतं. एक शब्द. आयुष्यभर ज्या बाईचं तोंड बंद झालं नाही तिला तो एक शब्द सुचेना. दाराशी साहेब उभे होते. त्यांच्यासमोर, अख्ख्या रांगेसमोर मी आकांडतांडव केलं होतं. आता काय सांगू त्यांना, की मी चुकीच्या ठिकाणाहून बघितलं? हे सांगत होते आणि मी ऐकून घेतलं नाही? माझी मान खाली गेली. वर केली तेव्हा हात पुसला गेला होता. मग डोळे. हे एक पायरी उतरले आणि हसू गेलं. ह्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही, म्हणून मी कुठे बसलेय ते ह्यांना माहीतच नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

एप्रन संपला, बाहुलीचे पाय संपले. करडी भिंत ओली चमकायला लागली. हे शेवटच्या पायरीवर आले. भिंतीला इतकं चिकटून काम केलं की आपलं आपल्याला काही कळत नाही, कुणीतरी लांबून सांगावं लागतं. आजवर हे बागेतल्या कुणाला तरी विचारत असत, त्या दिवशी मीच होते. भिंतीकडेच तोंड ठेवून त्यांनी विचारलं, "तिथून अजून काही दिसतंय का?"

दिसत होतं. रोलर नीट लागला नव्हता तिथं हनुवटीचा एक तुकडा राहिला होता, हसताना माझी जिथे खळी पडते तो.

"हनुवटीपाशी थोडं राहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी दांडा वर नेला. "इथं?"

"जरा डावीकडे. हां. तिथंच."

त्यांनी रोलर पुन्हा रंगात बुडवला आणि तेवढंही पुसलं.